माळ्यावरचा कुळथाचा डबा

त्या दिवशी सकाळी नासिर तरवाला दारात येऊन ओरडला, "भागोजी! ए भागोजी! तुझी ती पलीकडे रुसली रे!"

भागोजी पडवीत तोंड धूत होता. चूळ टाकली नि म्हणाला, "माझी कुठली? आप्पा डॉक्टरांची ती. मी नुसता माहेरचा माणूस."

"मग मुराळी हो नि घेऊन ये. फणसोपच्या चढाला बसलीय. डॉक्टर गडग्यावर बसलेत छत्री उघडून. पण लवकर चल बाबा, पाणी उतरायला लागलंय. होडी एकदा गाळात बसली की संध्याकाळपर्यंत नाय हलायची."

ती म्हणजे डॉक्टरांची फटफटी सायकल. साधी सायकलच, पण मागच्या चाकाला नारळाएवढं इंजिन लावलेलं. पेट्रोलात तेल कालवून घालायचं, चार पायडलं मारायची, की फटफट करत सुटायची. सत्तावन्न सालची गोष्ट, तेव्हा रत्नागिरीत तसल्या दोनच. एक होती एका वकिलाकडे, ती शोभेला. डॉक्टरांची मात्र रोज तरीवर चढायची, भाट्याची खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या गावातनं अडलेली बाई, तापानं फणफणलेलं पोर, काय असेल ते बघत फिरायची. आणि ती चालायची ती एकट्या भागोजीच्या हातानं. दुसऱ्या कुणाला ती ऐकतच नसे. तिथंच तर भागोजी अडकला होता.

घरात काशी चुलीपुढं होती. काशी त्याची थोरली बहीण. नासिरचं बोलणं तिनं ऐकलं आणि न सांगताच कोनाड्यातलं तांब्याचं घंगाळ उतरवून पुढं ठेवलं. रोजचंच झालं होतं ते. तिच्या लग्नातलं घंगाळ, आंघोळीच्या पाण्याचं. आता त्याला नुसत्या खिडक्या. जिथनं पत्रा कापला तिथं भोक. तळ गेला, एक बाजू गेली, कडेची पट्टी तेवढी गोल राहिलेली.

"अजून तीन निघतील," भागोजी घंगाळ फिरवून बघत म्हणाला. "मग तुझी कळशी."

"कळशीला हात लाव, हात मोडून ठेवीन," काशी म्हणाली.

"मोड. मग तर मी सुटलोच."

तो हसला. हे असलं बोलून तो नेहमी हसायचा, आणि काशी चुलीत उगाच फुंकर घालायची.

झालं होतं असं. भागोजी मुंबईला एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात अकरा वर्षं होता. हात असा, की नुसत्या आवाजावरनं सांगायचा कुठला भाग झिजलाय. त्रेपन्न साली काशीचा नवरा वारला, म्हणून महिन्याच्या रजेवर आला. काशीला मूलबाळ नाही. तेराव्याला दीर म्हणाला, वहिनीनं आमच्याकडं यावं, संगमेश्वराकडं, आणि जाऊ मथुरा सगळ्यांसमोर बोलली, "या हो वैनी. गोठ्याला माणूस पायजेलच हाय." काशीनं खाली घातलेली मान वर केली नाही. भागोजी उठला, तिची वळकटी उचलली आणि तिला घेऊन रत्नागिरीला आला. राजिवड्याच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, पडवीत दुरुस्तीचं दुकान मांडलं. म्हणाला, "आक्का, तू जरा सावर. मग मी जातो."

ती सावरली. तशी सावरायला काय, सहा महिन्यांत सावरली होती. पण तो गेला की आपण गोठ्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकटी विधवा बाई भाड्याच्या खोलीत राहते म्हटल्यावर दीर दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन दारात.

पंचावन्न साली मुंबईच्या मिस्त्रीचं पत्र आलं, जागा ठेवलीय, ये. भागोजीनं पत्र्याची ट्रंक भरली. बोट शुक्रवारची. आणि बुधवारी डॉक्टरांचं इंजिन गोळपच्या वाटेवर तापलं. तापलं तर थांबायचं, विडी ओढायची, निवू द्यायचं. पण तिथल्या एका भल्या माणसानं डॉक्टरांची कीव येऊन विहिरीची कळशी आणली आणि भडाभडा ओतली इंजिनावर. लाल झालेल्या तव्यावर पाणी टाकावं तसं. टण्‌ झालं. इंजिनाचं डोकं, त्याला हेड म्हणतात, वरचं झाकण, त्याला केसाएवढी चीर गेली.

आता ते हेड आणि खालचा नळा यांच्यामध्ये एक पातळ पत्रा बसतो, मधे मोठं भोक, कडेला चार लहान. ग्यासकेट म्हणतात, हेड नवं असो की जुनं, ते लागतंच. विकतचं ग्यासकेट त्या चिरेपुढं टिकेना. दोन मैल गेलं की फुसकलं. भागोजीनं मग तांब्याचा कापून बघितला. चुलीत लाल करायचा, पाण्यात सोडायचा, म्हणजे तांबं मऊ पडतं, चिरेत जाऊन बसतं. आठ दिवस, दहा दिवस चालायचं. मग पुन्हा दुसरा. किती जाड, कुठल्या बाजूला किती घासायचा, कुठला नट आधी नि कुठला मागनं आवळायचा, हे त्याच्या बोटांना माहीत. डॉक्टरांच्या कंपाउंडरला त्यानं दोनदा शिकवून बघितलं. त्यानं दोन्ही वेळा नट पिरगाळून ठेवला.

डॉक्टर म्हणाले, "भागोजी, तू जा. मी जाईन चालत."

पण साठीचा माणूस, दमेकरी, फणसोप-गोळप चालत जाणार? आणि काशीला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस हाच माणूस रोज येऊन बसला होता. भागोजी म्हणाला, "नवीन हेड येऊ दे. ते बसवतो नि जातो. तोवर इंजिन माझ्या शब्दावर." ट्रंक त्यानं खाटेखाली सारली. रिकामी केली मात्र नाही. रोजचा सदरा त्या ट्रंकेतनं काढायचा, काशीनं धुतला की घडी करून परत ट्रंकेत. दोन वर्षं असं. बोटीचा भोंगा वाजला की हातातलं काम थांबायचं. मग परत ठक ठक सुरू.

हेडसाठी मुंबईला पत्रं घातली. कुणी म्हणे कंपनीच बंद झाली, कुणी म्हणे विलायतेहून मागवावं लागेल. शेवटी नासिरचा धाकटा भाऊ अकबर, बोटीवर खलाशी, त्याला भागोजीनं पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला. म्हणाला, "जुन्या सामानाच्या बाजारात फिर. यावर बसेल ते आण."

आणि अकबरनं आणलं. गेल्या वर्षी, नवरात्रात. भागोजी बाहेर कुणाची तरी नळी झाळायला गेला होता. अकबर घाईत, त्याला मोठ्या जहाजावर नोकरी लागली होती, बसऱ्याला चालला होता. पिवळ्या कागदात गुंडाळलेलं ते त्यानं काशीच्या हातात दिलं. "काशीआक्का, भागोजीला सांग, पेढे ठेव. दोन वर्षांनी येऊन खाईन." नासिरला भेटायलाही थांबला नाही, तसाच बंदराकडं पळाला.

काशी ते हातात घेऊन उभी राहिली. जड नव्हतं. भाकरीएवढं जड. भागोजी आला तेव्हा ते माळ्यावर कुळथाच्या डब्यात तळाशी गेलेलं होतं.

उद्या देऊ, असं तिनं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. दिवाळी होऊन जाऊ दे. मग शिमगा. मग बोटी बंद झाल्या पावसाच्या, आता देऊन तरी काय. जितके दिवस लोटले तितकं देणं अवघड होत गेलं. आज दिलं तर तो विचारणार, कधी आलं? भागोजी इंजिनाला बांधलेला आणि काशी त्या डब्याला. दोघं एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन.

वर्षभर घरात कुळथाची पिठी झाली नाही. भागोजीचा तर पिठी-भातावर जीव. तो विचारायचा, "आक्का, कुळथाचा उपास धरलायस काय गो?"

"सोंडे पडलेत कुळथात."

"मग टाकून दे की."

"बघू."

तर त्या दिवशी सकाळी त्यानं खिळ्यावरचा पुठ्ठ्याचा नमुना काढला, घंगाळाच्या पत्र्यावर ठेवला, खिळ्यानं रेघ मारली, कातरीनं कापला. भोकं पोगरानं पाडली. काशीनं चिमट्यात धरून तो चुलीत घातला, लाल झाला, पितळीतल्या पाण्यात सोडला. चुर्र झालं. हे काम तिचं. किती लाल झाला की काढायचा हे तिला आता त्याच्याइतकंच कळत होतं.

बंदरावर भोंगा वाजला. भागोजीचा हात थांबला. काशीनं बघितलं, त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. छत्तीस वर्षांचा माणूस.

"मिस्त्री गेला, आक्का," तो कानस चालवत म्हणाला. "परवा कळलं. आता मुलगा बघतो कारखाना. तो काय मला ओळखायचा?"

तोंडावर काही नव्हतं त्याच्या. राग नाही, काही नाही. काशीला वाटलं यापेक्षा त्यानं घंगाळ डोक्यात घातलं असतं तर बरं.

"भाग्या," ती म्हणाली.

"काय गो?"

"काय नाय. चहा घेऊन जा."

"आल्यावर. आणि ते सोंड्यांसकट चालतील, पण आज पिठी कर." पाने पिशवीत टाकले, ग्यासकेट कागदात घेतलं, नमुना खिशात घातला, पलीकडं पुन्हा जुळवून बघायला. बाहेरनं नासिर ओरडत होता, "अरे मुराळ्या, नटतोयस काय!"

तो गेला आणि काशीनं शिडी लावली. डबा खाली काढला. वरचे चार मुठी कुळीथ काढून तव्यावर टाकले, भाजले. तिनं ठरवलंच. पान वाढायचं, पिठी वाढायची, आणि ताटाशेजारी ते हेड ठेवायचं. मग तो काय बोलेल ते बोलू दे. मारलं तरी चालेल. मुंबईचा तो कारखाना नाही तर दुसरा. आणि दिराला सांगायचं, येत नाही, काय करतोस कर. तिला स्वतःलाच नवल वाटलं, हे इतकं सोपं वाक्य वर्षभर कुठं होतं.

कुळीथ जात्यावर भरडता भरडता खाडीपलीकडनं आवाज आला. फटफट, फटफट. पाण्यावरनं आवाज लांबनं येतो. एकसारखा, न अडखळता. झालं म्हणाली, बसलं ग्यासकेट, येतोय. हात पुसून ती काठावर गेली. मुद्दाम गेली, वाटेतच सांगून टाकू म्हणून.

ओहोटी पुरी लागली होती. पलीकडच्या काठाला नासिरची होडी गाळात कलंडलेली. मधे गाळाचा पट्टा, मग अरुंद पाणी, मग पुन्हा गाळ. फटफटी काठाला येऊन थांबली. डॉक्टर उतरले. मागच्या कॅरिअरवरनं भागोजीला दोघांनी उतरवलं. उतरवलं म्हणजे काढलं. पाय जमिनीला लागले तसे दुमडले.

"काय झालं?" काशी इकडनं ओरडली. "नासिर! काय झालं रे?"

नासिरनं तोंडाशी दोन्ही हात धरले. "पान लागलं! भागोजीला पान लागलं!"

साप चावला असं आमच्याकडं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की येतं.

मागनं डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तीन नट आवळून झाले होते. चौथ्याचं वायसर, नटाखालची चकती, घरंगळलं, गडग्याच्या दगडात गेलं. दुसरं नव्हतं. भागोजीनं हात घातला फटीत. नाग होता. डॉक्टरांनी दंड बांधला, कापलं, पिळलं. पण सापाच्या विषावरची कुपी दवाखान्यात, अलीकडच्या काठाला. "आधी कॅरिअरवर बस," डॉक्टर म्हणाले. भागोजी म्हणाला, "चौथा नट राहिला तर इंजिन अर्ध्यात सोडेल." डाव्या हातानं त्यानं तो आवळला. वायसर सापडलं होतं त्याला.

इंजिनानं कुठं सोडलं नाही. काठापर्यंत आणलं त्याला. तिथं पाणी नव्हतं.

इकडं काशी नि तिकडं भागोजी. माणूस दिसतो, हात हलवला तर कळतो, एवढंच अंतर. काशी गाळात शिरली ती गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. राजिवड्याच्या कुलसुमनं नि आणखी दोघींनी तिला ओढून काढलं. "मरशील गो! रुतलीस तर कोण काढणार?" इकडचा एक गडी कुपी आणायला धावला होता, कुपी घेऊन तोही काठाला उभा. चौघांनी भागोजीला खांद्यावर घेतलं, गाळात उतरले, नासिर पुढं काठीनं चाचपत. मधलं पाणी पोहून काढलं, त्याला फळीवर घालून. काशी नुसती बघत होती. कुणी घाई करा म्हणत नव्हतं. घाई करायला वाटच नव्हती.

अलीकडं आणला तेव्हा पापण्या मिटलेल्या. डॉक्टर मागनं छातीपर्यंत चिखलात आले, कुपी घेतली, हात हातात धरला, आणि कुपी परत दिली.

नासिरनं डोक्याच्या मुंडाशातनं पुठ्ठ्याचा नमुना काढून काशीच्या हातात ठेवला. भिजलेला नव्हता. फळीवर घालायच्या आधीच भागोजीनं तो नासिरकडं दिला होता. "म्हणाला, आक्काला दे, खिळ्याला अडकव म्हणावं. नायतर हरवेल."

दिवस झाले. दीर आला होता तेराव्याला. मथुराही आली होती. दीर म्हणाला, "वहिनी, सोमवारी गाडी आणतो." काशीनं उठून पुठ्ठ्याचा नमुना खिळ्याला अडकवला. भरडलेलं कुळथाचं पीठ जात्याखाली तसंच होतं, ते मथुरेनं सुपात भरून ठेवलं. डबा माळ्यावरनं काढून ठेवला होता तिथंच होता.

चौदाव्या दिवशी दुपारी आप्पा डॉक्टर सायकल हातानं ढकलत आले. पडवीत टेकले, दम खाल्ला. मग म्हणाले, "काशीबाई, विचारायला जीभ रेटत नाही. त्यानं एखादं कापून ठेवलेलं आहे काय?"

तेरा दिवस टिकलं होतं ते शेवटचं ग्यासकेट. इतकं कधी टिकलं नव्हतं.

काशी उठली. डबा ओढला, कुळथात कोपरापर्यंत हात घातला, आणि पिवळ्या कागदातलं ते त्यांच्यापुढं ठेवलं. डॉक्टरांनी कागद सोडला. नवंकोरं हेड. एक ओरखडा नाही.

"हे कधी आलं?"

"गेल्या नवरात्रात."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. मग डब्याकडं. मग खिळ्याकडं, जिथं पुठ्ठ्याचा नमुना लटकत होता. भागोजीच्या पिशवीतला पाना काढला, स्वतःच बसून जुनं हेड उतरवलं आणि नवीन वर ठेवलं. इंजिनावर उभे चार खिळे, एक भोकात गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथा जाईना. फिरवून बघितलं. अर्ध्या तांदळाएवढं भोक बाजूला होतं.

डॉक्टरांनी श्वास सोडला. "काशीबाई, ऐका. हे या इंजिनाचं नाहीच. दुसऱ्या सालचं असणार. तुम्ही दिलं असतं तरी बसलं नसतं. उगीच जीव जाळू नका."

चांगल्या मनानं बोलले ते. काशीनं ऐकलं. हेड उचललं, खिळ्यावरचा नमुना काढून त्यावर ठेवला, उजेडाकडं धरलं. तीन भोकांतनं आभाळ दिसलं, चौथ्यातनं अर्धं. ती दोन वर्षं त्याच्याशेजारी बसली होती. अर्धा तांदूळ म्हणजे भागोजीला एक विडी. विडी संपायच्या आत त्यानं घासून बसवलं असतं, आणि वर म्हणाला असता, दोन भावंडांचं नाक तरी कुठं सारखं असतं?

तिनं त्याची पिशवी ओढली. पाने, पोगर, कातर बाजूला केली. तळाशी गोल कानस होती, उंदराच्या शेपटीएवढी.

"काशीबाई, राहू दे," डॉक्टर म्हणाले.

ती पाटावर बसली, हेड दोन पायांत धरलं, चौथ्या भोकात कानस घातली आणि ज्या बाजूला कमी होतं त्या बाजूला हळूहळू ओढायला लागली. पांढरा भुगा मांडीवरच्या लुगड्यावर पडत गेला. मधे थांबून तिनं हेड इंजिनाच्या खिळ्यांवर ठेवून बघितलं. नाही. परत घासलं. बंदरावर भोंगा वाजला. तिचा हात थांबला नाही. परत ठेवून बघितलं.

हेड आपल्या वजनानं चारही खिळ्यांवर उतरलं.

"घंगाळ द्या इकडं," ती डॉक्टरांना म्हणाली. "आणि वाईच चूल फुंका."